आमची भाकरी कोण खातं?

"खाल्लेलं अंगी लागत नाही," हे वाक्य आमच्या घरात रोज ऐकू यायचं. धाकटी बहीण तेव्हा सात वर्षांची होती. पोट पुढं आलेलं, हातापायांच्या काड्या, डोळ्यांत तेज नाही. शेजारच्या बाया मायला सांगायच्या, "पोरगी गूळ लई खाती, म्हणून जंत झालेत. गोड बंद कर." बाप मोंढ्यात हमाल. दिवसभर ज्वारीची पोती पाठीवर वाहायची, संध्याकाळी घरी यायचं आणि पोरीकडं बघून मायवर चिडायचं, "मी आणलेलं जातंय कुठं? पोरीला खाऊ घालतीस का नाही?" माय गप्प राहायची. एकदाच म्हणाली, "थापते तर मी रोज. खातंय कोण, ते तुमच्या शिकलेल्या लेकाला इचारा."

ही गोष्ट १९९३ सालची, औरंगाबादची. हे शहर आता छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखलं जातं. शिकलेला लेक म्हणजे आमच्यापैकी एक.

हे लिहिणारे आम्ही दोघं नवरा-बायको आहोत. त्या वेळी नव्हतो. एक जण प्राणिशास्त्रात जंतांवर संशोधन करत होता. दुसरी वनस्पतिशास्त्रात, आपण खातो त्या धान्यांत आणि भाज्यांत काय काय किती असतं ते मोजत होती. तिची आई घोळ, तांदुळजा, पाथरी, तरोटा अशा रानभाज्या खुडून टोपलीत घालून गल्लोगल्ली विकायची. दोघांनाही लागणारं रंगमापक यंत्र, म्हणजे कलरीमीटर, एकच होतं. सकाळी जंताच्या नळ्या, दुपारी भाजीच्या नळ्या. त्या यंत्रापुढं नंबर लावूनच आमची ओळख झाली, पुढं लग्न झालं. म्हणून हा लेख 'मी' म्हणून लिहिता येत नाही. यातलं अर्धं एकाच्या वहीतलं आहे, अर्धं दुसरीच्या.

जंतांचा अभ्यास करायचा तर जंत पाहिजेत. ते मिळायचे कत्तलखान्यात. भल्या पहाटे सायकलवर जायचं, बकऱ्या-मेंढ्यांची आतडी मागून घ्यायची, बादलीत घालून आणायची. तिथले चाचा भले होते. "ले जाओ बेटा, पढाई का काम है," म्हणायचे आणि पैसे घ्यायचे नाहीत. आतडं उभं चिरलं की आत पांढरी, चपटी, फितीसारखी लांबच लांब वस्तू निघायची. हा मोनिझिया नावाचा पट्टकृमी. बकऱ्या-मेंढ्यांत सापडणारा हा जंत काही वेळा कित्येक मीटर लांब असतो. तो मिठाच्या पाण्यात धुवायचा, टिपकागदावर टिपायचा, तोलायचा, वाळवायचा आणि कुटून पूड करायची.

एकदा सुट्टीच्या दिवशी बादली घरी आणली. मायनं झाकण उचललं आणि दोन पावलं मागं सरली.

"हे काय आणलास?"

"आतडी हायेत माय. अभ्यासाला."

माय खाली बसली. तिचा आवाज चढला नाही, हेच जास्त लागलं. "मेलेली ढोरं वढायचं सोडलं म्हणून तुझ्या आज्याला गावानं मारलं. पाणी बंद केलं. घर सोडून शहरात आलो. अन् तू एवढं शिकून बादलीत आतडी घिऊन घरात आलास?"

वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस खाणं सोडा, स्वाभिमानानं जगा, असं सांगितलं आणि गावोगावच्या आपल्या माणसांनी हालअपेष्टा सोसून ती कामं टाकली. आमच्या घराचा मानच त्या सोडण्यावर उभा होता. त्या दिवशी आमच्याकडं उत्तर नव्हतं. बादली उचलली आणि परत विभागात नेऊन ठेवली.

दुसरीकडं विभागातही टोमणे होतेच. एक गृहस्थ हसत हसत म्हणाले, "जंतांवर काम करायला तुम्हीच योग्य. ते रोग तुमच्याच वस्त्यांतले. खाण्यापिण्याचा परिणाम." दोघांनीही तेव्हा ऐकून घेतलं. उत्तर द्यायला आधी माहिती पाहिजे, आणि ती वहीत जमायची होती.

आता त्या पुडीचं काय करायचो ते सांगतो. पट्टकृमीला तोंड नसतं, पोट नसतं, आतडंही नसतं. तो आतड्याच्या भिंतीला डोक्यानं चिकटून राहतो आणि अंगभर असलेल्या बारीक लवेतून अन्न शोषून घेतो. जनावरानं चावायचं, जनावरानं पचवायचं आणि यानं आयतं टिपून घ्यायचं. त्याला लागते मुख्यतः साखर, म्हणजे ग्लुकोज. घेतलेलं ग्लुकोज तो साखळीसारखं एकाला एक जोडून साठवतो. त्या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. फ्रान्सच्या क्लॉद बर्नार यांनी १८५७ साली यकृतातून ते वेगळं काढून दाखवलं. आपल्याही यकृतात आणि स्नायूंत ते असतं.

जंताचा तुकडा कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळायचा, सगळं विरघळलं की त्यात अल्कोहोल ओतायचं. नळीच्या तळाशी पांढरा साका बसतो, तेच ग्लायकोजेन. मग अँथ्रोन नावाचं रसायन तीव्र गंधकाम्लातून घालून तापवायचं. निळा-हिरवा रंग येतो. रंग जितका गडद, तितकं कर्बोदक जास्त. प्रथिनं मोजायला लाउरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची १९५१ सालची पद्धत होती. त्यातही निळाच रंग येतो, पण वेगळा.

आमचे आकडे जमत गेले तसे आम्ही चक्रावलो. प्राण्याचं शरीर म्हणजे प्रथिनं जास्त, अशी आमची समजूत. इथं सुक्या वजनाचा पाव भाग, कधी त्याहून जास्त, नुसतं ग्लायकोजेन. भाजीवाल्या मैत्रिणीनं आकडे बघून विचारलं, "हा प्राणी आहे का ज्वारीचं कणीस?" प्रश्न गमतीचा होता, पण बरोबर होता. आतड्यात हवा जवळजवळ नाही. ऑक्सिजन नसला की ग्लुकोज पुरतं जळत नाही. जंत ते अर्धवट जाळतो, थोडीशी शक्ती काढून घेतो आणि उरलेलं आम्लांच्या रूपात टाकून देतो. लाकूड अर्धं जाळून फेकून देणाऱ्याला लाकूडही जास्त लागणार. म्हणून त्याची कोठी भरलेली पाहिजे. आणि जनावर दिवसभर उपाशी राहिलं असेल तर त्याच्या जंतांतलं ग्लायकोजेनही घटलेलं दिसायचं. मालक उपाशी तर भाडेकरूही उपाशी.

आता दुसऱ्या वहीकडं वळू. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकं, सुमारे १० ग्रॅम प्रथिनं आणि साधारण ३५० कॅलरी शक्ती असते. कर्बोदकांतला बहुतेक भाग पिष्ट, म्हणजे स्टार्च. तीही ग्लुकोजचीच साखळी. पालेभाजीत कर्बोदकं थोडी, पाणी पुष्कळ, पण खनिजं आणि जीवनसत्त्वं भरपूर. म्हणजे भाजीवर पोट भरत नाही आणि भाजीवाचून भाकरी अपुरी राहते. हुलग्यात प्रथिनं १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर. पण हुलग्यात, सोयाबीनमध्ये आणि अशा अनेक कडधान्यांत एक अडथळाही असतो. प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिन नावाच्या विकराला रोखून धरणारा पदार्थ त्यांच्यात असतो. सोयाबीनमधला असा पदार्थ कुनिट्झ यांनी १९४५ साली शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळा केला. कीड लागू नये, दाणा खाणाऱ्याला पचू नये, म्हणून झाडानं केलेली ही सोय.

ही माहिती ऐकून जंतवाला उडालाच. कारण गोलकृमीतही, म्हणजे माणसाच्या पोटात होणाऱ्या लांबट गोल जंतातही, अगदी तसंच काम करणारा पदार्थ असतो. आतड्यात इतकी पाचक विकरं असताना जंत स्वतः पचून का जात नाही, याचं एक कारण ते. झाडाच्या दाण्यानं आणि पोटातल्या जंतानं एकाच संकटावर एकच तोड काढलेली. फरक एवढाच की दाणा भिजवून नीट शिजवला की त्याचा अडथळा बहुतांशी मोडतो, आणि जंत काही आपल्याला शिजवता येत नाही.

हे सगळं जमत असताना घरी मायचा अबोला चालूच होता. एक दिवस आम्ही दोघं मिळून घरी गेलो. बरोबर आयोडीनची बाटली आणि कागदाच्या पुडीत जंतातून काढलेली पांढरी भुकटी. मायपुढं दोन बशा ठेवल्या. एकीत भाकरीचा तुकडा, दुसरीत पाण्यात कालवलेली भुकटी. दोन्हींवर आयोडीनचे थेंब टाकले. भाकरी निळी-काळी झाली, भुकटी तांबूस तपकिरी.

"माय, ही तुझी भाकरी. ही जंताच्या अंगातली भाकरी. दोन्ही साखरेच्याच. ज्वारीनं एका तऱ्हेनं रचली, जंतानं दुसऱ्या तऱ्हेनं. हे बघायलाच आतडी चिरतो."

माय बराच वेळ बशीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या आज्याला वढ म्हणायचे. का, ते इचारायची सोय नव्हती. तू इचारतुयास." थोडं थांबून म्हणाली, "पण बादली घरात नको."

एवढी परवानगी आम्हाला पुरे होती. लगेच आम्ही शेखी मिरवली. म्हणालो, "तुझ्या पोरीची भाकरी जंत खातात. तुझा काही दोष नाही."

आम्ही किती चुकलो होतो ते पुढं कळलं.

डॉक्टरांकडून जंताची गोळी आणली. तीन दिवसांत धाकटीच्या पोटातून १४ गोलकृमी पडले. संशोधनाची खोड लागलेली माणसं आम्ही. ते गोळा केले, धुतले, टिपले आणि तोलले. सगळे मिळून ४५ ग्रॅम. मग ग्रंथालयात जाऊन बसलो. जर्मनीचे वाइनलँड यांनी १९०१ साली गोलकृमी शरीराबाहेर उपाशी ठेवून ते दिवसाकाठी किती ग्लायकोजेन खर्च करतात हे मोजलं होतं. १०० ग्रॅम जंतांना दिवसाला एक ग्रॅमच्या आसपास. आमच्या ४५ ग्रॅमना अर्धा ग्रॅम. पोटात जंत वाढतो, एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, त्याचा खर्च वेगळा. म्हणून आम्ही तो आकडा चांगला दहापट धरला. झाले पाच ग्रॅम. आणि १०० ग्रॅमच्या एका भाकरीत कर्बोदकं ७० ग्रॅम.

म्हणजे १४ जंतांनी मिळून भाकरीतला एक घास खाल्ला. फार तर एक घास. मग बाकीची भाकरी गेली कुठं?

बापाचाच प्रश्न आम्ही पुन्हा विचारत होतो. उत्तर शोधायला या वेळी विभागातला तराजू कामाचा नव्हता, वाण्याचा काटा पुरेसा होता. आठ दिवस आम्ही घरातलं पीठ मोजलं. रोज दीड किलो, म्हणजे पंधरा भाकरी. खाणारी सात माणसं. बापाला चार, त्याशिवाय पोतं उचलणार कसं? थोरल्या लेकाला तीन, कारण तो कॉलेजात जातो. मधल्या दोघांना मिळून पाच. आजीला दीड. धाकटीला एक. मायला अर्धी, तीही सगळ्यांचं झाल्यावर, तव्यावर उरली तर.

सात वर्षांच्या लेकराला दिवसाला जी शक्ती लागते, तिचा जेमतेम पाव भाग एका भाकरीतून मिळतो. वर पातळ कालवण आणि बिनदुधाचा चहा. पोरीची भाकरी जंतांनी खाल्ली नव्हती. ती थापलीच गेली नव्हती. आणि तीन भाकरी खाऊन जंतांवर संशोधन करणारा आमच्यातलाच होता.

तो कागद बापाला वाचून दाखवायचं धाडस होत नव्हतं. शेवटी वाचला. बाप ऐकत राहिला. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याची ज्वारी वाहिली, त्याच्या घरात पंधराच भाकरी. तो काही बोलला नाही, उठून बाहेर गेला. पुढच्या हप्त्याला अर्धं पोतं ज्वारी उधारीनं घरात आली. आम्ही शिष्यवृत्तीतला वाटा द्यायला लागलो, हुलगे आणि हरभरे आठवड्यातून तीन दिवस शिजायला लागले, आणि रानभाजीची टोपली विकून उरलेली जुडी आमच्याकडं पोचायला लागली. बापानं मायला "जातंय कुठं?" म्हणून पुन्हा कधी विचारलं नाही.

माय मात्र आम्हाला विचारत राहिली. "मग जंत बिचारे गरीबच म्हणायचे का?"

नाही, मुळीच नाही. एक घास घेणारा जंत दहा घासांचं नुकसान करतो. गोलकृमीनं भूक मरते, पोट दुखतं, आतड्याचं अस्तर बिघडतं, स्निग्ध पदार्थ आणि 'अ' जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही. गुंता झाला तर आतडं तुंबून जिवावर बेततं. अंकुशकृमी त्याहून वाईट. तो आतड्याला चावून रक्त पितो. त्याच्या जातीप्रमाणं एक कृमी दिवसाला ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. ऐकायला थेंबभर, पण असे शंभर असले तर महिन्यात किती होतं याचा हिशेब करा. ज्या बाईच्या वाट्याला अर्धी भाकरी, तिचं रक्त भरून यायचं कशानं?

ज्याच्या ताटात भरपूर आहे त्याला जंताचा एक घास सोसतो. ज्याच्या ताटात एकच भाकरी आहे, त्याला तो सोसत नाही. आमच्या दोन वह्यांचं सार एवढंच निघालं. कमी अन्न आणि जंत हे दोन वेगळे रोग नाहीत, ते एकमेकांचा हात धरून घरात शिरतात.

आता गुळाचं. गोड खाल्ल्यानं जंत होतात, ही समजूत आजही घरोघर आहे. जंत गुळातून येत नाही, अंड्यातून येतो. उघड्यावर शौचाला बसलं की जंताची अंडी मातीत मिसळतात, दोनतीन आठवड्यांत तयार होतात आणि न धुतलेल्या हातांतून, गाजर-मुळ्या-कोथिंबिरीतून तोंडात जातात. अंकुशकृमीची पिल्लं तर ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून थेट शिरतात. उलट १९५० च्या दशकात अमेरिकेत क्लार्क रीड यांनी उंदरांच्या पट्टकृमीवर प्रयोग केले, तेव्हा पिष्ट खाणाऱ्या उंदरांतले जंत मोठे झाले आणि नुसती साखर खाणाऱ्यांतले लहान राहिले. साखर आतड्याच्या वरच्या भागातच शोषली जाते, खाली जंतापर्यंत पोचत नाही. पिष्ट सावकाश पचत खालपर्यंत जातं. याचा अर्थ पोरांना साखर चारा असा नव्हे आणि भाकरी बंद करा असाही नव्हे. अर्थ एवढाच की गुळाच्या खड्यावरून लेकराला मारू नका.

आणि त्या विभागातल्या गृहस्थांना द्यायचं उत्तरही वहीत सापडलं. मांस कच्चं राहिलं तर त्यातून पट्टकृमी होतो हे खरं, ते नीट शिजवलंच पाहिजे. पण गोलकृमीचा आणि अंकुशकृमीचा मांसाशी काही संबंध नाही. त्यांचा संबंध मातीशी, पाण्याशी आणि संडासाशी. डुकरातल्या पट्टकृमीची अंडीसुद्धा न धुतलेल्या भाजीतून किंवा अस्वच्छ हातांतून पोटात जातात. मांसाला कधी न शिवलेल्या माणसाच्याही मेंदूत त्यांच्या गाठी होऊन फिट्स येऊ शकतात. आपल्या वस्तीत जंत जास्त होते, कारण आपल्या वस्तीत नळ आणि संडास नव्हते. खाण्याला दोष देणं सोपं असतं, संडास बांधून देणं खर्चाचं.

आमच्या घराचाच पुरावा सांगतो. गोळीनं धाकटीचे जंत पडले, भाकरी दोन झाल्या, पोरगी हसायला-खेळायला लागली. सहा महिन्यांनी पुन्हा पोट दुखायला लागलं, पुन्हा जंत. कारण वस्तीमागचं मैदान तेच होतं. वस्तीत संडास झाले, पोरांच्या पायात चपला आल्या, तेव्हा कुठं हे फेरे कमी झाले.

त्या गोळीचंही सांगायला हवं, कारण ज्याच्यासाठी आम्ही नळ्या घासल्या ते त्यात आहे. अल्बेंडाझोल आणि मेबेंडाझोल ही औषधं जंताला लगेच जाळत नाहीत की फाडत नाहीत. जंताच्या पेशींतला आधाराचा सांगाडा ती मोडतात, त्यामुळं जंताला ग्लुकोज आत घेता येत नाही. मग तो कोठीतलं ग्लायकोजेन खर्च करतो. कोठी रिकामी झाली की निपचित पडून बाहेर टाकला जातो. म्हणून दोन-तीन दिवस लागतात. औषधानं काम केलं का, हे प्रयोगशाळेत कळण्याची एक खूण म्हणजे जंतातलं घटलेलं ग्लायकोजेन. आपल्या जुन्या माणसांना वावडिंग, पळसपापडी, डाळिंबाच्या मुळाची साल ठाऊक होती. त्यांत खरोखरच जंतांवर चालणारी द्रव्यं आहेत, डाळिंबाच्या सालीतलं पेलेटिएरिन हे त्यांपैकी एक. पण त्यांचं प्रमाण चुकलं तर माणसालाच बाधतं. लेकरांवर असले काढे अजमावू नयेत.

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी फुकट मिळते, दोन वर्षांखालच्यांना अर्धी. आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत आम्ही दोघं त्या दिवशी जाऊन बसतो. यंदाही एक तरुण आई कडेवर लेकरू घेऊन आली. सासूनं गोड बंद केलं, तरी अंगी लागत नाही म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर तोच अपराधीपणा होता, जो आमच्या मायच्या चेहऱ्यावर होता. तिला सांगितलं ते सगळ्यांनाच सांगतो.

गोळी चुकवू नका, चावून खायला लावा. लहानग्याला कुटून पाण्यातून द्या. जेवणाआधी आणि संडासाहून आल्यावर साबणानं हात धुवा. भाजी दोन पाण्यांतून काढा. लेकराच्या पायात चप्पल असू द्या. कडधान्य भिजवून पुरतं शिजवा. वस्तीत संडास नसेल, असून पाणी नसेल, तर चार बायांनी मिळून नगरसेवकाच्या दारात जाऊन बसा.

त्या आईनं मान हलवली. मग आम्ही तिला विचारलं, "घरात पीठ किती लागतं रोज? आणि तू जेवतेस कधी?" ती हसली आणि म्हणाली, "समद्यांचं झाल्यावर."

बंधू-भगिनींनो, जंत मोजायला प्रयोगशाळा लागते, भाकरी मोजायला लागत नाही. आज रात्री घरात किती भाकऱ्या झाल्या आणि कुणाच्या ताटात किती गेल्या ते एकदा मोजा. पोरगी सुकली म्हणून घरातल्या बाईला बोल लावण्याआधी, शेवटी जेवणाऱ्या त्या बाईच्या ताटात काय उरलं ते बघा. आमची माय आता नाही. तिच्या अर्ध्या भाकरीचा आकडा मात्र त्या जुन्या वहीत, ग्लायकोजेनच्या आकड्यांच्या खाली, अजून तसाच लिहिलेला आहे.